न जुळलेल्या पोपटापायी इंदापूरला

मी आणि माझ्या कारभारणीनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे खळ (गव्हाच्या पिठाची चिकट पेज) शिजवणं. मी चुलीपुढं बसून ढवळत होतो, ती कागद कातरत होती. "घट्ट झाली," ती म्हणाली. मी म्हणालो, "मग पाणी घाल की, तोंड काय चालवतीस?" तिनं पाणी घातलं. कागद लाकडाला लावला, तळव्यानं दाबला आणि ठोकळा सावलीला ठेवला. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि आठवड्यात ती गेली. तापातलं बोलणं मी धरत नाही. म्हणजे आमचं शेवटचं बोलणं झालं ते खळीवरून.

मी दगडू सुतार, राहणार सुपे. शाळा दुसरीपर्यंत, तीही मारून मुटकून. धंदा ठसे कोरण्याचा. रंगारी लोक जाजमांवर, रजयांवर नक्षी उमटवतात ते लाकडाचे ठसे. कागदावर काढलेली नक्षी लाकडावर चिकटवायची आणि कागदासकट कोरायची. रेघ तेवढी उभी राहते, बाकी लाकूड आणि कागद भुसा होऊन पायाशी पडतो. चाळीस वर्षं नक्षी माझ्या कारभारणीनं काढली आणि मी कोरली. लोक म्हणायचे 'दगडूची नक्षी'. मी कधी नाही म्हटलं नाही.

ती गेल्यावर इंदापूरच्या बाबूराव रंगाऱ्यांनी रजईसाठी पोपटाचे ठसे मागितले. घरात तिच्या हातचा एक कागद शिल्लक नव्हता; सगळे मीच कोरून संपवले होते. मग अंगावरच्या जुन्या रजईतला पोपट बघून रेघेचा ठसा केला, आणि तडा गेलेला एक जुना ठसा सापडला त्यावरून रंग भरायचा ठसा केला. दोन्ही पाठवून दिले. महिन्यानं बाजाराला आलेल्या माणसाकडून निरोप आला, 'ठसे जुळत नाहीत. स्वतः येऊन बघा.'

तेव्हाच ठरवलं. जायचं, बाबूरावांना तोंडावर खरं सांगायचं की नक्षी माझी कधी नव्हतीच, आणि धंदा बंद करायचा. हत्यारंही गाठोड्यात बांधली. तिथं कुणाला तरी देऊन यावीत, परत घरात दिसायला नकोत.

मार्गशीर्षातली थंडी होती. तांबडं फुटायला सुपे सोडलं; बारामतीपर्यंत पायी, पुढं मोटरनं. या वाटेनं आम्ही दोघं वर्षातून दोनदा तरी जात होतो, ठसे पोचवायला. मी पुढं, ती मागं. मी पुढं म्हणजे चांगला हाकेच्या अंतरानं पुढं. ती सारखी रेंगाळायची. मी वळून ओरडायचो, "आता काय सोनं सापडलं तितं?" ती उठायची आणि भराभर चालत यायची. आता मागं कुणी नव्हतं, आणि माझा उजवा गुडघा असा की चार शेतं गेली की बसावं लागे. त्यामुळं गंमत अशी झाली की चाळीस वर्षांत पहिल्यांदा ही वाट मी तिच्या चालीनं चाललो.

सुप्याच्या माळावर कुसळीचं गवत वाळून पिवळं झालं होतं. गवताच्या काड्याकाड्यांना कोळ्यांची जाळी, त्यांवर दव. सूर्य वर आला तसं ते एकदम उजळलं, आणि मी चंची काढून पान लावेपर्यंत सगळं वाळून गेलं. मी मनात म्हटलं, असलं बघत बसायची काय ही? आणि पुढं झालो. दुपारी भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि दिवस मावळायला लोणी भापकरला पोचलो. देवळाच्या खांबांवर दगडात जुनी कोरीव कामं आहेत. ती मी दर खेपेला बघायचो, कारण ती कोरीव आहेत. माझा डोळा कोरलेलंच बघायचा, हे मला त्या दिवशी उमगलं. ओसरीवर गाठोडं उशाला घेऊन पडलो.

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या अलीकडं पाटाच्या पट्ट्यात उतरलो. इकडं कोरडा माळ, आणि चार पावलांवर हिरवागार ऊस. हा फरक कितीदा बघितला तरी पटत नाही. पाण्याची पाळी संपली होती, पाट रिकामा होता. तळच्या गाळावर पाणी जाता जाता रेघा सोडून गेलं होतं. एकीला एक लागून, मध्येच फुटून दोन झालेल्या, परत एक झालेल्या. मी काठावर थांबलो. ही रेघ मी कोरली होती. जाजमाच्या काठाला लागते ती 'लहर', तीस वर्षांपूर्वीची. मी समजत होतो कारभारणी मनानंच काढते. पण फुटून दोन होणं, परत एक होणं, सगळं हुबेहूब इथं गाळात पडलेलं होतं. पाटाला पाणी सुटलं की पुसून जाणार होतं.

पुढं एका मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. उसाच्या रसाचा वास रस्त्यापर्यंत आला, पाय आपोआप वळले. काहिलीपाशी (गूळ शिजवायची मोठी उथळ कढई) एक म्हातारा गुळव्या उभा होता. गुळव्या म्हणजे गूळ शिजवणारा, त्याच्या नजरेवर सगळा माल. त्यानं मला ओळखलं.

"या तात्या, बसा. मावशी मागं ऱ्हायल्या वाटतं, नेहमीपरमाणं?"

"मागं न्हाय, पुढं गेली," मी म्हणालो. "तीन महिने झाले."

त्यानं हातातलं फावडं खाली टेकलं. मग काहिलीशेजारच्या एका दगडाकडं हात केला. तो म्हणाला, "हितं बसायच्या बघा. ह्या दगडावर. तुमी बारामतीच्या वाटंला लागलेला असायचा."

"काय करायची हितं?"

"फेस बघायच्या."

मी काहिलीत वाकून बघितलं. रस उकळत होता. आधी मोठे फुगे वर यायचे, मग त्यांच्या फटींत बारके, मग एकमेकांना रेटून ते गोलाचे सहाकोनी व्हायचे, फुटायचे, आणि लगेच नवे. गुळव्या म्हणाला, "मला फेसावरनं कळतं पाक कुठवर आला. मावशींनी मला एकदा इचारलं, कधी थांबायचं ते कसं ठरवता? म्या सांगितलं, फेस मला सांगतो. तर म्हणाल्या, माझंबी तसंच हाय."

तिची एक नक्षी होती. मोठे गोल, मध्ये बारके गोल. मी त्याला 'मोत्याची नक्षी' म्हणायचो आणि रंगाऱ्यांनाही तसंच सांगायचो. मोती कसले? गुळाचा फेस होता तो. मी तो शिसवी लाकडात कोरला आणि मला पत्ता नाही. मला हसू आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. गुळव्यानं द्रोणात गरम काकवी (घट्ट होत आलेला पाक) दिली, ती भाकरीशी खाल्ली, हनुवटीवर सांडली, चटका बसला. "हळू, तात्या," तो म्हणाला, "मोटर काय पळून जातीया?"

मोटर पळून गेली, ती नंतर.

बारामतीहून इंदापूरची सर्व्हिस मोटर मिळाली. आत माणसं, टपावर गाठोडी, कोंबड्यांचं खुराडं आणि एका बाईचा नवा पाटा-वरवंटा. माझं गाठोडंही टपावर टाकलं. वरकुट्याच्या अलीकडं एक चाक बसलं. सगळे उतरले. ड्रायव्हर म्हणाला, तास लागेल. मी रस्त्यापासून बराच लांब, एका बाभळीच्या आडोशाला गेलो आणि गुडघा लांब करून बसलो.

दिवस कलायला लागला होता. पायापाशी जमिनीत मुंगीचं भोक होतं. भोकाभोवती मातीच्या बारीक कणांचा कठडा, त्याच्या बाहेर दुसरा, मग तिसरा. गोल म्हणावं तर गोल नाही. आत वळलेला, बाहेर वळलेला, कमळाच्या पाकळ्यांसारखा. सगळ्यात बाहेर गवताच्या बियांचं फोलपट टाकलेलं, त्याची पांढरट किनार. ऊन तिरपं होतं म्हणून दिसलं. डोक्यावर ऊन असतं तर नुसती माती. मी बसलो तेव्हा माझ्या टाचेनं एक बाजू मोडली होती. मुंग्या तिथं आल्या, एकेक कण उचलून परत लावायला लागल्या. कुणी कुणाला ओरडत नव्हतं.

आणि मग मला ते दिसलं. हातभर अंतरावर दुसरं घर होतं. दोन्ही घरांचे कठडे वाढत वाढत जिथं भेटले होते, तिथं दोन कठडे नव्हते. एकच होता. दोघांचं त्यावर भागत होतं. मी जमिनीवर पालथा पडलो, अक्षरशः पोट टेकून, आणि तो जोड बघितला. असा जोड मला कधी साधला नव्हता. माझे जोड जुळायचे, पण दोन रेघा भेटलेल्या कळायच्या. इथं भेट कळतच नव्हती. ही नक्षी मी कधी कोरलेली नव्हती. तिनं कधी काढलेली नव्हती. किती वेळ गेला ठाऊक नाही. भोंगा वाजला तो कानावर आला, पण कुणाची तरी दुसरी मोटर असेल असं वाटलं.

उठलो तर रस्ता मोकळा. मोटर गेली, माणसं गेली, माझं गाठोडं हत्यारांसकट गेलं.

शेजारच्या शेतात एक जण ज्वारीची कणसं भाजत होता. त्यानं सगळं बघितलं होतं.

"आबा, ड्रायव्हरनं हाका मारल्या की. तुमी पालथं पडलेलं. आमाला वाटलं नमस्कार घालताय."

"मुंग्यास्नी?"

"आता कुणाचं काय दैवत आमाला काय ठावं!" तो म्हणाला आणि हुरड्याची मूठ माझ्या हातावर ठेवली. गरम होता, दुधाळ. खात खात इंदापूरची वाट धरली. हत्यारं गेली म्हणून वाईट वाटायला नको होतं, कारण तीच द्यायला मी निघालो होतो. पण आता ती हरवलेली मला चालेनात. असा मी उलट्या डोक्याचा. वाटेत करकोच्यांची रांग डोक्यावरून गेली, बाणासारखी. मध्येच तिचं धनुष्य झालं, मग नुसतीच ओळ, मग काही नाही. मी मान वर करून चाललो आणि दगडाला ठेच लागली. अंगठा फुटला.

अंधार पडल्यावर इंदापुरात पोचलो. मोटर थांबते तिथल्या चहावाल्यापाशी गाठोडं ठेवलेलं होतं. हाताला लागलं तेव्हा जिवात जीव आला.

सकाळी बाबूरावांकडं गेलो. माणूस सरळ, मला मान देणारा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. ओसरीवर त्यांची म्हातारी आई, रखमाआक्का, पायावर धागा वळत बसली होती. बाबूरावांनी रजई पसरली. पोपटाची काळी रेघ एका दिशेला आणि हिरवा रंग दुसऱ्या दिशेला.

"तात्या, रेघंतला पोपट पुण्याकडं बघतुया आन् हिरवा पोपट सोलापुराकडं चाललाय. आता रजई पांघरणाऱ्यानं जायचं कुठं?"

बघितल्याबरोबर चूक कळली. ठसा उलटा कोरावा लागतो, तेव्हा कापडावर सुलटा येतो. रजईवरचा पोपट मी जसाच्या तसा लाकडावर घेतला, म्हणून रेघ उलटी उमटली. भरावाचा ठसा जुन्या ठशावरून घेतला, तो बरोबर आला. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण चाळीस वर्षं, मागून रेघ दिसावी म्हणून, कागदाला तेलाचं बोट लावून ती तो पालथा चिकटवायची, आणि मी आयत्या उलट्या रेघेवर कोरणी चालवायचो. माझ्या हाताला उलटं-सुलटं ठरवायची सवयच नव्हती.

"बाबूराव," मी म्हणालो, "खोटं बोलून चाळीस वर्सं झाली, आता बास. नक्षी माझी न्हाय. एकबी न्हाय. समदी घरातनं यायची. तुमी मला मान दिला तो चुकीच्या माणसाला दिला. ही हत्यारं घ्या. मी काय आता ठसे करत न्हाय."

मी गाठोडं त्यांच्यापुढं सरकवलं. आणि रखमाआक्का हसायला लागली. तोंडात दात नाहीत, पण हसणं आळीभर ऐकू जाईल असं.

"आरं माझ्या द्येवा! ह्ये सांगायला सुप्यावरनं आलास व्हय?"

"आक्का, तुमाला ठावं हुतं?"

"सगळ्या आळीला ठावं हाय. तू हितं पान चघळत थापा मारायचास आन् ती मागल्या दारी माझ्यासंगं बसून राखंत बोटानं काढायची. बायका बाजारात जाजम कसं मागत्यात ठावं हाय का तुला? 'सगुणाबाईचं द्या' म्हणत्यात. 'दगडूचं द्या' असं कुणी मागतंय का कवा?"

मी लग्नात एकदा घेतलं असेल तिचं नाव, तेवढंच. त्यानंतर 'अगं' आणि 'ऐकलंस का'. आणि इथं परक्या गावातल्या बायका भर बाजारात माझ्या कारभारणीचं नाव घेऊन जाजमं विकत घेत होत्या.

"मग मला कुणीच कसं बोललं न्हाय?"

"तू इचारलंस कवा? मी एकदा म्हणाले हुते, सांगते तुझ्या नवऱ्याला. तर सगुणा म्हणाली, ऱ्हाऊ द्या आक्का, त्यास्नी तेवढंच बरं वाटतं."

हे ऐकून लाज वाटली, खोटं कशाला सांगू? पण लाजेबरोबर छातीवरचा धोंडा कुणीतरी उतरवून घेतला असंही वाटलं. तीन महिने मी समजत होतो की तिचं सगळं माझ्या नावाखाली पुरलं गेलं. तसं झालंच नव्हतं. फसलो होतो तो मी एकटा.

बाबूरावांनी हत्यारांचं गाठोडं माझ्याकडं परत सरकवलं. "आन् ही आमी घेऊन काय करायचं, दात कोरायचं?" ते आत गेले आणि एक जुनं जाजम घेऊन आले. "ह्यात ठसा कुठं संपला आन् दुसरा कुठं लागला, दाखवा बरं."

मी शोधलं. उजेडाकडं धरून शोधलं. मला माझाच सांधा सापडेना.

"मावशींचा कागद म्या बघितलाय," बाबूराव म्हणाले. "वेल कागदाच्या कडंला आली की मधीच तुटायची, आन् त्या उठून जायच्या. ती जुळवायची कोण?"

ते मी करायचो. लाकडावर, कोळशानं, दोन बोटांच्या कडेत. त्याला मी काम म्हणत होतो, नक्षी नव्हे. म्हणून मोजलंच नव्हतं.

मग मी त्यांना मुंग्यांचं घर सांगायला लागलो. शब्दांत सांगता येईना. आक्कानं चुलीतली राख आणून पुढं पसरली. "काढ."

"मला काढता येत न्हाय, आक्का."

"तुला कोण काढायला लावतंय? मुंग्यांनी काढलंय त्ये दाखीव."

मी बोटानं काढलं. तीन कठडे, पाकळ्या, फोलपटाची किनार. शेजारी दुसरं, दोघांत एकच कठडा.

"वाकडं झालंय," आक्का म्हणाली.

"मुंग्यांनीच वाकडं बांधलंय."

बाबूराव उकिडवे बसले. राखेतल्या कठड्यांवरून हवेतच बोट फिरवलं. "म्हंजी चारी बाजूंनी लावत गेलं तर मधी सांधा ऱ्हातच न्हाय."

"न्हाय. एकच कठडा दोघांना पुरतो."

"करा, तात्या," ते म्हणाले. "ह्योच करा. आन् पोपटाच्या रेघंचा ठसाबी फिरवून द्या, सोलापुराकडं." तेवढ्यात दारातून कोंबडी आली आणि आमच्या नक्षीवरून चालत गेली. कुणाला वाईट वाटलं नाही.

परतीचा प्रवास मोटरनं बारामतीपर्यंत आणि पुढं ओळखीच्या बैलगाडीनं झाला. गुऱ्हाळ त्या दिवशी बंद होतं, पाटाला पाणी सुटलं होतं, गाळावरच्या रेघा गेल्या होत्या. गाडीत पडल्या पडल्या मी विचार करत होतो. ज्याला मी खोळंबा म्हणत होतो तेच तिचं काम होतं. फेस निवायच्या आत, दव वाळायच्या आत उरकायचं. मी पुढं जाऊन ठिकाणावर लवकर पोचायचो आणि तिची वाट बघत बसायचो. लवकर पोचून मी काय केलं, ते काही आठवेना. वाचणाऱ्यांनी माझ्यासारखं करू नये एवढंच सांगतो. घरी आलो, गार पाण्यानं पाय धुतले आणि तीन महिन्यांत झोपलो नव्हतो तसा झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तिरपं असतानाच कागद आणि पेन्सिल घेऊन घरामागच्या माळावर गेलो. मुंग्यांची घरं शोधायला लागली नाहीत, पावलापावलाला होती. एवढी वर्षं मी त्यांच्यावरून चाललो होतो. एकापाशी बसलो. म्हादू धनगर मेंढ्या घेऊन चालला होता, तो येऊन माझ्या मागं उभा राहिला.

"तात्या, काय हरवलंय?"

"काय न्हाय. नक्षी बघतुया."

"तुमाला नक्षीची काय वाण पडलीया? तुमच्यासारखी नक्षी पंचक्रोशीत..."

"ती माझी न्हवती," मी म्हणालो. "सगुणाची हुती."

म्हादू गडबडला. बाप्या माणसानं बायकोचं नाव असं उघड्या माळावर घेतलेलं त्यानं ऐकलं नसावं. त्यानं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं, माझ्या डोक्यावरून वाकून खाली बघितलं.

"ह्या तर मुंग्या हायत."

"व्हय, मुंग्याच हायत. जरा डावीकडं सरक. तुझी सावली पडतीया त्यांच्यावर."

तो सरकला. ऊन परत कठड्यांवर आलं, आणि मी पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं.